दारातली सुपं

पडद्यावरच्या वृंदानं पहिला फटका मारला आणि त्याच क्षणी खुर्चीत बसलेल्या वृंदाच्या हातातून चिमीचा हात निघून गेला. हिसका देऊन नाही. साबणाच्या हातातून वाटी निसटते तसा, अगदी हळू. वृंदानं खाली पाहिलं तर त्या सात वर्षांच्या पोरीनं दोन्ही तळवे मानेच्या मागे एकावर एक दाबून धरले होते आणि कपाळ पुढच्या खुर्चीच्या पाठीला टेकवलं होतं. इकडे हॉल टाळ्यांनी दणाणत होता. अंबरनाथमधलं हे लग्नाचं कार्यालय. एरवी जिथं नवरानवरी बसतात तिथं आज पांढरा पडदा लावला होता, आणि बुवापाड्यातल्या बायका पुढच्या रांगांत ठेवणीतल्या साड्या नेसून बसल्या होत्या. आपलं तोंड पडद्यावर आलं की शेजारणीला कोपरानं ढोसत होत्या. आता मात्र त्या सगळ्या वृंदाकडे वळल्या. गोदूबाई तर अर्धवट उठून, मागे फिरून, हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या पिटत होती. "बघ गं टीचर, कशी हानलीस त्याला! बघ!" पडद्यावर दुसरा फटका बसला, आणि खुर्चीतल्या वृंदाच्या उजव्या तळव्यात बारीकशी चुणचुण झाली. झोपलेलं काहीतरी कूस बदलतंय असं तिला वाटलं. तिनं तो हात पदराखाली घेतला.

चिमीला इथं आणायचंच नव्हतं. फिल्म बनवणाऱ्या राजसीनं चारचारदा बजावलं होतं की लहान मुलं नकोत, ती पोरगी तर नकोच नको. पण बुवापाड्यातल्या यच्चयावत बायका फिल्म बघायला निघाल्यावर चिमीला सांभाळायला मागे उरलं कोण? दुसऱ्यांची पोरं मारापासून वाचवणाऱ्या बायकांनी त्या दिवशी आपली एक पोर सरळ माराच्या समोर आणून बसवली, तीही फ्रॉकला इस्त्री करून. वृंदाला ती दारात दिसली तेव्हा खटकलं होतं. नाही असं नाही. पण चिमी धावत आली, तिच्या शेजारची खुर्ची पकडून बसली, हात हातात दिला, आणि वृंदा विरघळली. सोमवारी बालकल्याण समितीच्या मॅडम ठरवणार होत्या की चिमी गोदूबाईकडेच राहणार की बदलापूरला वृंदाच्या घरी येणार. हेंद्रेपाड्यातल्या फ्लॅटमध्ये मुलाची, अनीशची खोली केव्हाची आवरून झाली होती. अनीश बंगलोरला नोकरीला लागल्यापासून त्या खोलीत नुसत्या बॅगा पडून होत्या. त्या माळ्यावर गेल्या, पलंगावर फुलपाखरांची चादर आली. तिचा नवरा श्यामकांत आधी "या वयात कुठं, वृंदा" असं म्हणाला आणि मग एक दिवस कंपनीतून येताना स्वतःच टेबललॅम्प घेऊन आला. नव्या कोऱ्या वस्तूंची ती खोली वृंदा दिवसातून उगाच उघडून बघायची. आयुष्यात तिनं फार थोड्या गोष्टी इतक्या उघडपणे मागितल्या होत्या, आणि ही तर तिला हवीच होती.

राजसीची फिल्म होती ती बायकांच्या सुपांवर. बुवापाड्यात एक रीत आहे. एखाद्या घरातून पोराचा तो आवाज आला, हट्टाचा नव्हे, पडल्याझडल्याचा नव्हे, तो आवाज, की ज्या बाईच्या कानावर पडेल तिनं हातातलं काम टाकायचं, सूप उचलायचं, त्यात तांदूळ, डाळ, असेल ते ओतायचं आणि त्या घराच्या दारात जाऊन पाखडत बसायचं. एक बसली की दुसरी येते, तिसरी येते. उंबरा, पायरी, गल्ली भरून जाते. आतल्या पुरुषाला शिव्या नाहीत, उपदेश नाही, मधूनमधून एक कुणीतरी म्हणते, "पोर बाहेर दे." कोंडा उडून त्याच्या घरात जातो. त्याला बाहेर पडता येत नाही, कारण सुपाला पाय लागता कामा नये, हे दारू प्यायलेल्या माणसालासुद्धा माहीत असतं, आणि दारभर तर सुपंच असतात. थोड्या वेळानं पोर बाहेर येतं, एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात गल्लीच्या टोकाला पोचतं. हे सुरू केलं गोदूबाईनं. ती इथली जुनी, शेतं गेली तेव्हा त्या जागेवर चाळ बांधून भाडेकरू ठेवलेली, तोंडानं फाटकी, आणि आपलं कौतुक ऐकायला कायम तयार. तिचा नियम एकच होता आणि तो तिनं कॅमेऱ्यासमोर मानेला झटका देऊन सांगितला होता: "हात सुपातून काढायचा नाय. उद्या पोलीस आयले तर आमी काय, तांदूल पाखडतंव." त्यावर हॉल हसला होता. चिमीसुद्धा हसली होती. तेव्हा तिचा हात अजून वृंदाच्या हातात होता.

वृंदाला पाखडता येत नव्हतं. गोदूबाईच्या पुढच्या खोलीत मुलांचा वर्ग घ्यायला ती बदलापूरहून येऊ लागली त्याला चार वर्षं झाली. दारात बसायचीही वेळ तिच्यावर आली, पण तिच्या सुपातून कोंड्याऐवजी तांदूळच बाहेर उडायचे आणि बायका तशा प्रसंगीही तोंडाला पदर लावून हसायच्या. शेवटी तिला मेथीची जुडी मिळायची. "तू आपली पानं खुड, टीचर." वृंदाला त्यात कमीपणा वाटला नाही. हाताला काम असलं की तिला बरं वाटायचं, आणि ते आजचं नव्हतं. लग्न झाल्यापासून तिनं हात रिकामा म्हणून ठेवला नाही. विणकाम, भरतकाम, वाटाणे सोलणं, पाहुण्यांशी बोलतानासुद्धा रुमालाच्या घड्या घालणं. अनीश लहानपणी महावांड होता. त्यानं एकदा देव्हाऱ्यातला बाळकृष्ण गच्चीवरून खाली टाकला होता. पण तिनं त्याला कधी चापटसुद्धा मारली नाही. श्यामकांत हे चारचौघांत सांगायचा. "आमच्या हिचा हात म्हणून उठत नाही." वृंदा खाली मान घालून टाके मोजायची. हात उठत नाही हे खरंच होतं. पण कधीकधी, अनीश उलट बोलून दाराआड गेला की सुईवरची वीण इतकी घट्ट यायची की नंतर उसवावी लागायची, हे श्यामकांतला कसं दिसणार?

पडद्यावर ती दुपार चालू होती. चिमी त्या दिवशी वर्गाला आली नव्हती. फळ्यावर बाराखडीचा ख काढत असताना वृंदाला तो आवाज ऐकू आला, आणि त्याच्या मधूनमधून दुसरा एक, ओल्या कपड्याचा दगडावर आपटताना होतो तसला. चिमीची आई तापात गेलेली. बाप भगवंत एमआयडीसीत कंत्राटावर, एका रंगाच्या कारखान्यात, नखांच्या कडा कायम निळ्या. पोरीनं दूध उतू घालवलं, एवढंच झालं होतं. त्यानं सिलिंडरची नारिंगी नळी उपटली होती आणि तिनंच तो मारत होता. बायका सुपं घेऊन धावल्या. वृंदा खडू खाली ठेवून धावली, आणि त्या दिवशी मेथीची जुडी कुणी आणली नव्हती. बायका बसल्या. भगवंत थांबला नाही. असं कधी झालं नव्हतं. सुपांचा आवाज वाढत गेला, गोदूबाई "पोर बाहेर दे, मेल्या, पोर बाहेर दे" असं ओरडत राहिली, आणि आतून नळीचा आवाज येतच राहिला. एकही बाई उठली नाही, कारण नियम तसा होता, आणि कदाचित प्रत्येकीला भीतीही वाटत होती. वृंदाच तेवढी उभी होती. तिनं साडी वर धरली आणि सुपांवरून पाय टाकत, एका सुपात पाय देत, ती आत गेली. एवढं तिला आठवत होतं. पायाखाली तांदूळ करकरला होता. पुढचं ती तीन महिने सगळ्यांना सांगत आली होती ते असं: मी नळी हिसकावली, पोरीला वाचवायला त्याला दोनतीन तडाखे दिले, आणि दारात बसलेल्यांपैकी बनूबाईनं पोर उचलली. भगवंत त्यानंतर पाड्यात परतला नव्हता, आणि समितीच्या मॅडमना सांगितलं तेही असंच. खोटं बोलायचं म्हणून नाही. तिला ते तसंच आठवत होतं.

राजसीचा कॅमेरा खिडकीच्या गजांतून आत बघत होता, आणि कॅमेऱ्याला असं काही आठवायचं नव्हतं. आधी वृंदाच्या मागोमाग बनूबाई आत शिरते. चिमीला, जिचा चेहरा राजसीनं पुसून नुसता करडा ढग करून टाकला होता, काखोटीला मारते आणि दाराकडे वळते. पोर सुटली. आणि मग वृंदा नळी उचलते. वृंदाला आत आलेली बघून भगवंतच्या हातातून ती केव्हाच पडलेली आहे. वृंदा खाली वाकून ती उचलते, टोकाला नीट पकडते, एक वेढा मनगटाला देते, आणि मारते. तो मोरीच्या कठड्याला अडखळून पडतो. ती मारते. तो गॅसच्या ओट्याखाली शिरायला बघतो, तिथलं पातेलं लवंडतं, उरलंसुरलं दूध त्याच्या केसांत जातं, आणि ती त्याच्या पाठीवर, खांद्यावर, दंडावर मारते. तो हात मानेमागे नेतो तेव्हा त्या हातांच्या बोटांवर मारते. कातडी फुटते. राजसीनं इथं चित्राची गती कमी केली होती आणि खाली ढोल लावला होता. म्हणून नळी हळूहळू वर जायची, क्षणभर वृंदाच्या डोक्यामागे लोंबायची आणि मग खाली यायची. बनूबाई चिमीला घेऊन दारातच उभी होती. बघायला थांबली होती. तिच्या खांद्यावरून तो करडा ढग वृंदाकडे तोंड करून होता. त्याला डोळे नव्हते, तरी तो बघत होता यात शंका नव्हती.

"टीचर," चिमी खालूनच पुटपुटली, "ती मी आहे का? माझं तोंड कुठं गेलं?" पण राजसीनं आता वृंदाचा चेहरा मोठा करून दाखवला होता. हॉलभर मोठा. तिनं खालचा ओठ दातांत धरला होता, उजव्या बाजूनं, अलगद. डोळे शांत होते. राग म्हणून नव्हता त्या चेहऱ्यावर. कापड नीट मापात बसतंय ना हे बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. वृंदानं तो ओळखला. तो आण्णांचा चेहरा होता.

आण्णा, तिचे वडील, उल्हासनगरच्या बाजारात एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात मापाला होते. गाठी खांद्यावर घेऊन फेकायचे, तागा सरसर उलगडायचे, लोखंडी गजानं कापड मोजायचे, आणि मोजताना खालचा ओठ दातांत धरायचे. शेठ त्यांना लाडानं साईं म्हणायचा. गिऱ्हाइकं त्यांच्याच हातचं माप मागायची, कारण आण्णा बोटभर जास्तच द्यायचे. गल्लीत त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडला नसता. दुकानातला जुना गज घरी आणून त्यांनी दाराच्या मागे टांगला होता. घरी तो कापडासाठी कधी उतरला नाही. दरवाजा लावून ते आधी शर्ट काढून घडी घालायचे. घाई करायचे नाहीत. आईला पाठ करून उभी करायचे, मग वृंदाला; आणि वृंदा दोन्ही तळवे मानेमागे धरायची, कारण एकदा मानेवर बसला होता तेव्हा कितीतरी दिवस मान वळत नव्हती. लोखंड हाडावर बसलं की आधी दुखत नाही. आधी सगळं पांढरं होतं, आणि मग ते आत उतरतं. शेजारची सिंधी दादी त्या वेळी रेडिओ मोठा करायची. भिंत एकच होती. तिला ऐकू येत होतंच. थोड्या वेळानं ती गरम कोकी, कांदा घातलेली जाड पोळी, फडक्यात बांधून दारातून आत सारायची, "खा बेटी" म्हणायची आणि वृंदाच्या डोळ्यांकडे न बघता निघून जायची. ती कोकी वृंदानं दर वेळी खाल्ली. आवडीनं खाल्ली. दादी चांगली होती. पण दारात बसायला दादी आली नाही, दुसरं कुणी आलं नाही. बुवापाड्यातल्या बायका वृंदाला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा ती घरी जाऊन न्हाणीघराचा नळ सोडून रडली होती, ते त्या दादीसाठी.

आणि एक गोष्ट वृंदानं कुणाला सांगितली नव्हती. मार नसायचा तेव्हा ती आण्णांच्या जवळच बसायची. लांब नाही, जवळ. जेवताना त्यांच्या उजव्या हाताशी तिचा पाट असायचा. ते आडवे झाले की पाय चेपायची, बोटं मोडायची. पाहुणे म्हणायचे, पोरगी बापाची लाडकी आहे हो. लाड कसला. जवळ बसलं की हात कुठं आहे ते कळतं. लांब गेलं की तो हात कुठूनही येऊ शकतो. तळहातावर घेतला की तो हात फक्त एक हात असतो, त्याची बोटं मोजता येतात, त्याला केस असतात, अंगठ्याला जुनी कात्री लागल्याची खूण असते. तेवढा वेळ तो काही करत नसतो.

दिवे लागले. बायका उभ्या राहिल्या, कुणीतरी वृंदाला ओढत पुढे नेलं, खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. राजसी माइकवरून म्हणाली की वृंदाताईंनी त्या क्षणी नुसत्या बघ्याची भूमिका घेतली नाही, हीच आपल्या फिल्मची ताकद आहे. पुन्हा टाळ्या. राजसी चांगली मुलगी होती, वर्षभर उन्हातान्हात कॅमेरा घेऊन हिंडली होती, आणि तिनं जे पाहिलं त्याचं तिला खरोखर कौतुक वाटलं होतं. "दोन शब्द बोला ना, ताई." वृंदानं माइककडे पाहिलं. पोर आधीच बाहेर होती, हे एवढंच वाक्य तिच्या तोंडात होतं. पडद्यावर ते सगळ्यांसमोरच होतं, पण ढोलात आणि टाळ्यांत कुणी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. ते म्हटलं असतं तर पहिल्या रांगेतल्या समितीच्या मॅडमनी ऐकलं असतं, आणि फुलपाखरांची चादर घडी करून कपाटात ठेवावी लागली असती. तिनं "धन्यवाद" म्हटलं आणि ती खाली उतरली. नारळाची शेंडी तिच्या मुठीत घट्ट आवळलेली होती. गप्प राहिल्याची तिला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही वाटलं.

मग चहा आणि बटाटेवडे आले. मॅडम कागदी प्लेट घेऊन चिमीसमोर उकिडव्या बसल्या. प्रेमळ बाई, गळ्यात ओळखपत्र, केस पिकायला लागलेले. "काय गं चिमी, सोमवारी मी विचारणारच आहे, पण आज सांगून टाकतेस? गोदूआजीकडे राहायचं की टीचरकडे?"  चिमी वडा खायची थांबली. तिनं हात फ्रॉकला पुसले, वृंदाच्या खुर्चीपाशी आली, अगदी चिकटून उभी राहिली, आणि शालीखालून वृंदाचा उजवा हात शोधून काढला. डावा नाही, उजवा. तो स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन ती त्याची बोटं एकेक करून चेपू लागली.

"टीचरकडे," ती म्हणाली.

"का गं? सांग की."

"टीचर सगळ्यात जोरात मारते."

आजूबाजूला हशा पिकला. मॅडमना हसताना ठसका लागला. "म्हणजे आता तुला कुणी हात लावायची हिंमत करणार नाही, असंच ना?" चिमीनं मान हलवली. ती कुणाकडेच बघत नव्हती. ती त्या हाताकडे बघत होती, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग पुन्हा अंगठा. वृंदाला जे आयुष्यात सर्वांत जास्त हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ते कशामुळे मिळालं हे त्या हॉलात दोघींनाच माहीत होतं.

गोदूबाईला तिनं हॉलच्या मागच्या बाजूला, जिथं लग्नाच्या पंगतीची पातेली धुतात तिथं गाठलं. "मावशी, ती मला घाबरते."

"घाबरू दे थोरी. पोराला धाक नको का?" गोदूबाई वड्याच्या कागदाला हात पुसत म्हणाली.

"मावशी, तुम्ही नीट बघितलंत ना? पोर बाहेर गेली होती. बनूबाईच्या काखेत होती. मी त्यानंतर नळी उचलली. मी... मला थांबायचंच नव्हतं. मला बरं वाटत होतं."

 गोदूबाई कागदाची गोळी करत राहिली. मग म्हणाली, "बघला मी. आजच नाय, त्याच दिवशी बघला. दारात बसलेली व्हती न मी." ती नळाकडे बघत होती. "मनापन बरा वाटला, टीचर. माझ्या बापाला कदी कोनी हानला नाय. आयशीला त्यानं विहिरीवर, सगल्यांसमोर... जाव दे. तुझा हात चालला तवा मना वाटला, मार, अजून मार. म्हनून गप रायली. आज टाल्या पन म्हनूनच पिटल्या." बोलताना तिचा आवाज चिरका झाला आणि तिनं तो खोकून सारखा केला. कडक बाई, तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं आणि तिला ते दाखवायचंही नव्हतं. दोघी तिथं ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या. वृंदाला वाटलं होतं गोदूबाई तिला दोष देईल किंवा क्षमा करेल. यातलं काहीच झालं नाही, आणि त्यामुळे तिला खूप एकटं वाटलं.

"मंग नाय बोल मॅडमला," गोदूबाई म्हणाली. "ऱ्हाईल माझ्याकडं. मी काय टाकतंय तिला?"

वृंदानं ते घडताना डोळ्यांसमोर पाहिलं. चिमीला सांगायचं की तू टीचरकडे येणार नाहीस. चिमी विचारणार, मी काय केलं? तिनं दूध उतू घालवलं तेव्हाही हेच विचारलं असेल. ज्या हाताला धरून ती उभी राहिली, त्यानं तिला दूर लोटायचं, आणि तेही तिच्याच भल्यासाठी! वृंदाला ते जमलं नसतं. शिवाय खरं सांगायचं तर तिला पोर हवी होती. चांगुलपणानं नव्हे, तहान लागावी तशी हवी होती. ते ती नाकारू शकत नव्हती आणि हाताला लागलेली चटकही नाकारू शकत नव्हती. कितीतरी वर्षं सुयांनी, टाक्यांनी, वाटाण्याच्या शेंगांनी ती एका माणसाला दाराच्या मागे टांगून ठेवत आली होती, आणि तो मेला नव्हता.

"सोमवारी मी मॅडमना सगळं सांगते," ती म्हणाली. "खरं काय झालं ते. त्यांना नको वाटलं तर नको. पण त्यांनी दिली तिला, तर तुम्ही माझ्या दारात बसाल?"

"कशाला? तुझ्याकडं कोन मारतंय?"

"मी आहे ना."

गोदूबाईनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. थट्टा चालली नाहीये हे तिला कळायला थोडा वेळ लागला.

सोमवारी वृंदानं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले, खूप प्रश्न विचारले, श्यामकांतलाही विचारले, आणि शेवटी म्हणाल्या की महिनाभर ठेवून बघू, मी केव्हाही न सांगता येईन.  परतताना रिक्षात श्यामकांत मधेच म्हणाला, "आमच्या हिचा हात उठत नाही, असं मी लोकांना सांगत आलो." त्यात राग नव्हता, पण तो माणूस दुखावला होता. वृंदाला त्याची कीव आली आणि स्वतःचीही आली.

चिमी गुलाबी दप्तर घेऊन आली त्या दिवशी दुपारीच बुवापाड्यातल्या बायका रिक्षा करून हेंद्रेपाड्यात उतरल्या. वॉचमननं कुणाकडे म्हणून विचारलं तर बनूबाईनं सरळ सांगितलं, "टीचरच्या दारात बसायचंय." सुपं डोक्यावर धरून त्या लिफ्टमध्ये मावेनात, म्हणून जिन्यानं चढल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या गुळगुळीत फरशीवर, चपलांच्या रॅकपासून समोरच्या बिऱ्हाडाच्या तुळशीपर्यंत त्या पसरून बसल्या आणि पाखडायला लागल्या. कोंडा उडाला. समोरचं दार उघडलं, बंद झालं, पुन्हा फटीएवढं उघडलं. श्यामकांत बनियनवर बाहेर आला आणि उंबऱ्याच्या आतच अडला, कारण बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती.

"अहो, काय हे? इथं कोण रडतंय?" तो गोदूबाईला म्हणाला.

 गोदूबाईनं हनुवटीनं वृंदाकडे दाखवलं.

"अजून कोणी नाही," वृंदा म्हणाली.

ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली होती, मांडीवर नवं सूप. तिच्या सुपातून तांदूळच उडत होते. चिमी तिच्या उजव्या हाताला, अगदी हाताशी, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि उडालेले तांदूळ वेचून परत सुपात टाकत होती. श्यामकांत वैतागून स्वयंपाकघरात वळला, पाणी घ्यायला गेला असेल, आणि आत स्टीलचा डबा फरशीवर आदळला. झाकण गोल गोल फिरत खणखणत राहिलं. दूध सांडल्याचा वास आला. चिमीचे दोन्ही तळवे मानेमागे गेले, कपाळ गुडघ्यांना टेकलं. बाहेरची सगळी सुपं एकदम थांबली. बायकांनी आतल्या आवाजाकडे पाहिलं नाही. गोदूबाईनं, बनूबाईनं, प्रत्येकीनं वृंदाच्या हातांकडे पाहिलं.

वृंदानंही पाहिलं. हात सुपातच होते, बोटं कडेला रुतून पांढरी झाली होती. तिनं सूप उचललं, झटका दिला, आणि पुन्हा पाखडायला लागली.